छावणीबाहेरचा रस्ता

हिंगोलीत कोणाला पत्ता विचारावा तर उत्तरात लष्कराचा वास येतो. पलटण, रिसाला, तोफखाना, पेन्शनपुरा, सदर बाजार ही तेथील वस्त्यांची नावे. पलटण केव्हाच उठून गेली, रिसाल्याचे घोडे गेले, तोफा गेल्या आणि पेन्शनीही त्या घेणाऱ्यांबरोबर संपल्या. नावे मात्र लोकांच्या जिभेवर तशीच राहिली. राज्य निजामाचे, पण हुकूम इंग्रज अधिकाऱ्यांचा, अशी जी एक फौज पुढे ‘हैदराबाद कंटिंजंट’ या नावाने ओळखली जाऊ लागली, तिची एक मोठी छावणी येथे होती. १९०३ मध्ये ती फौज हिंदुस्थानच्या इंग्रजी सैन्यात मिसळून टाकण्यात आली आणि हिंगोलीचे लष्करी महत्त्व संपले. पुढे बऱ्याच काळाने, १ मे १९९९ रोजी, परभणीतून वेगळा निघून हिंगोली हा स्वतंत्र जिल्हा झाला.

नामदेवांचे नरसी येथून जवळ. औंढ्याचा नागनाथही जवळ. वाङ्मयाच्या इतिहासात या मुलखाचे नाव निघते ते नामदेवांमुळे, आणि ते योग्यच आहे. परंतु आणखी एका पुस्तकाचे बी याच मातीत पडले होते, हे फारसे कोणाच्या ध्यानात नसते. ते पुस्तक मराठी नव्हे आणि त्याचा विषयही अभंगापासून फार दूरचा. एका इंग्रज तरुणाने हिंगोलीच्या छावणीत नोकरी करता करता जे ऐकले आणि पाहिले, त्यातून ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ म्हणजे ‘एका ठगाचा कबुलीजबाब’ ही कादंबरी निर्माण झाली. १८३९ मध्ये ती लंडनला तीन भागांत प्रसिद्ध झाली आणि ठग हा शब्द इंग्रजांच्या घराघरांत जाऊन बसला. लेखकाचे नाव फिलिप मेडोज टेलर.

टेलरचा जन्म २५ सप्टेंबर १८०८ रोजी लिव्हरपूलला झाला. बापाचा व्यापार बसला, म्हणून पंधरा वर्षांच्या पोराला मुंबईच्या एका इंग्रज व्यापाऱ्याकडे उमेदवारीस धाडण्यात आले. १८२४ मध्ये तो मुंबईस उतरला, तो ती पेढीच डबघाईस आलेली! मुंबई सरकारात एक नातलग वजनदार हुद्द्यावर होता. त्याने खटपट करून पोराला निजामाच्या फौजेत चिकटवून दिले. कंपनी सरकारच्या फौजेपेक्षा ही नोकरी कमी मानाची समजली जाई. टेलरला हा सल जन्मभर राहिला. परंतु त्याच नोकरीने त्याला दख्खनच्या लोकांत नेऊन सोडले. लोकांची बोली शिकण्याचा त्याला नाद होता. मुनशी ठेवून तो हिंदुस्तानी शिकला, फारसी शिकला. आणि ज्या वयात आपल्याकडे मुलाला एकट्याने परगावी पाठवतानाही आई दहादा सूचना देते, त्या वयात निजामाच्या राज्याच्या नैर्ऋत्य भागातील पोलिसांचा तो सहायक अधिकारी झाला.

त्या पोलिसी कामावर असतानाच त्याला एक गोष्ट खटकू लागली होती. रस्त्याच्या कडेला प्रेते सापडत. मारेकरी सापडत नसत, दरोड्याची हाकाटी नसे, तक्रार करायला कोणी येत नसे. त्याने माग काढण्यास सुरुवात केली. तोच १८२९ मध्ये सिकंदरजाह निजाम वारला, नासिरुद्दौला गादीवर आला आणि मुलकी कामावर नेमलेले इंग्रज अधिकारी परत न्यावेत अशी त्याने मागणी केली. टेलरला पलटणीत परतावे लागले. माग तेथेच तुटला. पुढे ठगांचा शोध लावल्याची कीर्ती विल्यम स्लीमन याला मिळाली. आपण पलटणीत परत गेलो नसतो तर हे श्रेय आपले होते, ही हळहळ टेलरने म्हातारपणी लिहिलेल्या आत्मचरित्रातही बोलून दाखवली आहे. ही हळहळ वाचकांनी ध्यानात ठेवावी. हिंगोलीच्या हकिकतीला तिच्यामुळे एक वेगळीच धार येते.

लेखक केव्हा लिहितात, कसे लिहितात, किती फिरतात, याचे वाचकाला मोठे कुतूहल असते. दिवाळी अंकांनी तर हे कुतूहल पुष्कळ वर्षे पुरवले आहे. कांट फिरायला निघाला की कोनिग्जबर्गचे लोक आपापली घड्याळे लावीत, अशी आख्यायिका आहे. डिकन्स रात्री-बेरात्री लंडनच्या गल्ल्या पायांखाली घालीत असे. अशा गोष्टी ऐकल्या म्हणजे वाटते की, लेखक हा आपल्या मर्जीचा मालक असतो. मन रमेल तेथे रमतो, कंटाळा आला की काठी उचलतो आणि निघतो. टेलरच्या वाट्याला असला मोकळा दिवस आला नव्हता. तो पलटणीचा अ‍ॅडज्युटंट होता, म्हणजे कवायत, हजेरीपट, पहाऱ्यांची पाळी, रजेचे अर्ज आणि शिक्षांचे कागद हे सारे त्याच्याच गळ्यात. चाकरमान्याचा नेम तोच त्याचा नेम.

छावणीतल्या साहेबाचा दिवस त्या काळी बहुतेक सगळीकडे एकाच साच्यातून निघे. उजाडण्यापूर्वी बिगूल, मग परेड. ऊन चढू लागले की घरी परतून स्नान आणि हाजरी. त्यानंतर कचेरीचे कागद. दुपारी वाळ्याचे पडदे भिजवून अंधाऱ्या खोलीत पडून राहणे. मराठवाड्यातला चैत्र-वैशाख ज्याने काढला आहे त्याला याचे कारण सांगायला नको. आणि उन्हे कलली की घोड्यावर बसून किंवा पायी ‘हवा खायला’ जाणे. हा शब्दप्रयोग आपल्याकडे इतका रुळला आहे की, त्यातली मौज आता जाणवत नाही; परंतु ज्या कुणब्याचा सारा दिवस हवेतच जात होता, त्याला साहेब रोज नेमाने हवा खायला बाहेर पडतो याचे नवल वाटल्यावाचून राहिले नसेल. छावणीतून बाहेर निघणारे रस्ते मोजके. रोज त्याच रस्त्याने जायचे, तीच झाडे, तोच ओढा, तोच नाका. संध्याकाळची तोफ होण्याच्या सुमारास परत.

या ठरीव दिवसात विरंगुळा म्हणून जे काही असे, ते बाजारातून येई. कापडवाला येई, दागिनेवाला येई, घोडे विकणारा येई. व्हरांड्यात गाठोडी सुटत, ठाणे उलगडले जाई, भाव पाडण्याची घासाघीस होई. नावे ठेवायची, उठून जायचे नाटक करायचे, मग परत बसायचे. बायकांना ही करमणूक वाटे आणि पुरुषांनाही वाटे, फक्त ते तसे कबूल करीत नसत. टेलरचे लग्न १८३२ मध्ये हैदराबादचा प्रसिद्ध सावकार विल्यम पामर याच्या मुलीशी, मेरीशी, झाले. पामरची आई मुसलमान बेगम. तेव्हा या घराला हिंदुस्तानी कापडाची, अत्तराची, पानसुपारीची पारख सांगण्याची गरज नव्हती.

हिंगोलीत असाच एक प्रतिष्ठित व्यापारी होता. हरिसिंग त्याचे नाव. टेलरने त्याच्याशी स्वतः देवघेव केली होती. छावणीतल्या इतर पुष्कळांनी केली होती. माणूस सभ्य, व्यवहाराला चोख, साहेबलोकांत ऊठबस असलेला. एकदा त्याने मुलकी कामाचा अधिकारी कॅप्टन रेनॉल्ड्स याच्याकडे अर्ज केला की, मुंबईहून माझे कापड येत आहे, वाटेत जकातीच्या नाक्यांवर अडवणूक होऊ नये म्हणून परवाना मिळावा. अर्जात वावगे काहीच नव्हते. परवाना मिळाला. कापड आले. छावणीत उघड उघड विकले गेले. कित्येक साहेबांच्या अंगावर त्या कापडाचे सदरे चढले असतील, कित्येक मडमांनी त्याचे पडदे केले असतील.

ते कापड हरिसिंगाचे नव्हते. हिंगोलीपासून फार दूर नसलेल्या एका गावचा व्यापारी ते मुंबईहून घेऊन येत होता, ही बातमी हरिसिंगाला अगोदर होती. वाटेत त्याने त्या व्यापाऱ्याला, त्याच्या नोकरांना आणि बैल हाकणाऱ्यांना गळा आवळून मारले, माल ताब्यात घेतला आणि सरकारी परवान्याच्या जोरावर सरळ छावणीत आणला. हरिसिंग त्या भागातल्या ठगांचा पुढारी होता. हे कोणी शोधून काढले नाही. तो पकडला गेल्यावर त्याने आपण होऊन सांगितले आणि तेही पश्चात्तापाने नव्हे, तर साहेबाची कशी फजिती केली ही थट्टेची गोष्ट म्हणून.

ठगांची रीत आज पुष्कळांना ठाऊक आहे. वाटसरूंच्या वेषात हिंडायचे, वाटेत भेटलेल्याशी गोड बोलून सोबत करायची, चार मुक्काम बरोबर जेवायचे, बसायचे, आणि ठरलेल्या जागी ठरलेल्या इशाऱ्यावर रुमालाचा फास टाकायचा. इशारा बहुधा अगदी साधा असे. कोणाला तरी तंबाखू आणायला सांगावे इतका साधा. फास टाकणारे वेगळे, हातपाय धरणारे वेगळे, खड्डे खणणारे वेगळे. रक्त सांडत नसे. माणूस नाहीसा होई, एवढेच. ज्या काळात दूरच्या गावाहून पत्र येण्यास महिने लागत आणि काशीयात्रेस निघालेल्याचे घरी जणू अर्धे श्राद्ध करूनच निरोप देत, त्या काळात नाहीशा झालेल्या माणसाची चौकशी तरी कोण करणार?

फौजेतल्या शिपायांची तर आणखी विलक्षण दशा होती. निजामाच्या फौजेत उत्तर हिंदुस्थानातले शिपाई पुष्कळ. वर्ष-दोन वर्षांची कमाई कमरेला बांधून ते रजेवर आपल्या मुलखाला निघत. त्यांतले काही परत येत नसत. पलटणीच्या दप्तरात अशा माणसापुढे ‘फरारी’ असा शेरा पडे. १८१० मध्येच सेंट लेजर नावाच्या सेनापतीने हुकूम काढून शिपायांना बजावले होते की, रोकड जवळ बाळगू नका, हुंडी करा, रात्रीचा प्रवास करू नका, अनोळखी माणसांची सोबत धरू नका. म्हणजे धोका माहीत होता, पण धोक्याचे नाव माहीत नव्हते. अ‍ॅडज्युटंटच्या मेजावर हे रजेचे अर्ज रोज येत. कोण किती दिवसांनी परतला, कोण परतला नाही, याची नोंद ठेवणे हे त्याचे नित्याचे कंटाळवाणे काम. त्या ‘फरारी’ शेऱ्यांपैकी किती शेरे खरे होते, हे पुढे कोणालाच सांगता येण्यासारखे नव्हते.

१८३०च्या सुमारास नर्मदेकाठी स्लीमनने काही ठग पकडले आणि त्यांतल्या काहींना जिवाचे अभय देऊन माफीचे साक्षीदार केले. एकाने दहांची नावे सांगितली, दहांनी शंभरांची. धागा उलगडत उलगडत निजामाच्या राज्यात पोचला. हिंगोलीत १८३२-३३च्या सुमारास साक्षीदार आणले गेले आणि त्यांनी जागा दाखवायला सुरुवात केली. छावणीच्या बाजारातच, मुख्य चौकीपासून शंभर यार्डांच्या आत, माणसे मारली होती. पहारेकऱ्यांच्या रांगेपासून पाचशे यार्डही दूर नाही अशा ठिकाणी त्यांना पुरले होते. जागा म्हणजे नदीला मिळणाऱ्या एका लहानशा कोरड्या ओढ्याचे पात्र. एखाद्या खंदकाहून रुंद नाही की खोल नाही. आणि तो ओढा होता शेजारच्या खेड्याला जाणाऱ्या रस्त्यालगत. छावणीतून बाहेर मोकळ्या रानात जाण्याचे जे मुख्य रस्ते होते, त्यांपैकीच हा एक.

रोज हवा खायला जाण्याचे जे रस्ते, त्यांतलाच हा!

टेलर स्वतः तेथे हजर होता. साक्षीदार शांतपणे चालत जात, बोटाने दाखवीत, येथे खणा. खणले की सांगाडे निघत; एकेका खड्ड्यात अनेक. मग पुढची जागा. पुन्हा तोच शांत स्वर. काही खड्डे उघडल्यावर बघणाऱ्यांना शिसारी आली आणि त्यांनी पुढचा शोध थांबवला. टेलरने हे लिहून ठेवले आहे आणि न लपवता लिहिले आहे, हा त्याचा प्रामाणिकपणा मान्य केला पाहिजे. परंतु जो माणूस १८२९ मध्ये आपला माग तुटला म्हणून आयुष्यभर हळहळला, त्याच्या घोड्याच्या टापांखालीच तो माग पुन्हा आला होता आणि त्याला तो दिसला नव्हता. ज्याचा माग काढायचा त्याच्याकडूनच तो कापड विकत घेत होता. यात टेलरला हसण्याचे कारण नाही. रोजचा रस्ता हा पाहण्यासाठी नसतो, जाण्यासाठी असतो. आपल्यापैकी किती जणांना आपल्या दारावरून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला काय आहे ते सांगता येईल?

यानंतर टेलरचा दिवसाचा क्रम बदलला. ठगांचे जबाब लिहून घेण्याच्या कामात मदत करतो, असे त्याने आपण होऊन सांगितले आणि ती मदत स्वीकारण्यात आली. आता परेड आणि हजेरीपट उरकले की साक्षीदारांपुढे बसायचे. दिवसामागून दिवस तो खुनांच्या हकिकती उतरून घेत राहिला. आत्मचरित्रात त्याने या कामाविषयी एक फार खरी गोष्ट सांगितली आहे. त्या हकिकती भयंकर तर होत्याच, पण भयंकर एकसुरीही होत्या; आणि तरीही त्यांतून मन निघत नसे. वाटेत भेटले, सोबत केली, मारले, पुरले, वाटणी केली. पुन्हा भेटले, पुन्हा सोबत केली. शेकडो वेळा तेच. कल्पना करा, बाहेर उन्हाचा ताव, आत लेखणीची कुरकुर, आणि समोर एक माणूस जमिनीवर बसून हिशेब सांगावा तसा सांगतो आहे. कानांवर हिंदुस्तानी पडते आहे आणि कागदावर इंग्रजी उतरते आहे.

माझ्या मते टेलर लेखक झाला तो येथे. त्याच्या अंगी चित्रकला होती, शिकारीची हौस होती, इतिहासाचे प्रेम होते. असले गुण त्या काळच्या पुष्कळ साहेबांत असत आणि त्यांतून फार तर एखादे प्रवासवर्णन निघे. परंतु एकाच प्रकारच्या गोष्टी रोज नेमाने ऐकायच्या, त्या सांगणाऱ्याला मध्येच न तोडता ऐकायच्या आणि त्यातला प्रत्येक माणूस दुसऱ्याहून कोठे वेगळा आहे हे कानाने टिपायचे, ही शिकवणी त्याला कचेरीने दिली. प्रतिभेची वाट पाहत बसण्याची त्याला सवडच नव्हती.

प्रथम त्याने ठगांवर एक लेख लिहून विलायतेस बापाकडे पाठवला. बापाने तो त्या वेळचा गाजलेला कादंबरीकार बुल्वर याला दाखवला आणि १८३३ मध्ये तो ‘न्यू मंथली मॅगझिन’मध्ये छापून आला. बुल्वरने निरोप धाडला की, मला हिंदुस्थानची आणि तेथील लोकांची माहिती असती तर मीच यावर कादंबरी लिहिली असती. तुम्ही का लिहीत नाही? हा निरोप टेलरच्या मनात घोळत राहिला आणि त्यातून ‘कन्फेशन्स’ जन्मास आले.

कादंबरीची रचना फार सोपी आहे. अमीर अली नावाचा ठग, आता माफीचा साक्षीदार, एका साहेबापुढे बसून आपले आयुष्य सांगतो. साहेब अधूनमधून एखादा प्रश्न विचारतो; बाकी ऐकतो. म्हणजे टेलरने आपली कचेरी, आपली खुर्ची आणि आपले ऐकणे जसेच्या तसे उचलून कादंबरीत ठेवले. अमीर अलीच्या नावावर ७१९ खून आहेत आणि मध्ये बारा वर्षे तुरुंगात गेली नसती तर हजार पुरे झाले असते, अशी त्याची खंत आहे. हा माणूस राक्षसासारखा दिसत नाही. कपडे स्वच्छ, बोलणे अदबीचे, नमाज नेमाने. साहेबाचे जसे दिवसाचे ठरीव वेळापत्रक, तसेच त्याचेही. वाचताना अंगावर काटा येतो तो खुनांच्या वर्णनाने नव्हे. ते पंधराव्या खुनापाशी सवयीचे होते. अमीर अली आवडू लागतो, त्याचे घर, त्याची बायको, त्याची मुलगी यांत आपण गुंततो, आणि तो पुढच्या वाटसरूशी गोड बोलायला लागला की, आपणही त्याच्याच बाजूने बसलेले असतो. हे कसब टेलरला हरिसिंगाने शिकवले असावे, असे मला वाटते. खुनी माणूस आपल्या व्हरांड्यात बसून कापडाचा भाव सांगतो, हे ज्याने स्वतः अनुभवले आहे त्यालाच असा अमीर अली लिहिता येईल.

लंडनला पुस्तक छापले जात असताना तरुण व्हिक्टोरिया राणीला इतकी उत्सुकता लागली की, छापखान्यातून तपासून निघतील तसतसे फर्मे वाड्यावर मागवून तिने ते वाचले, असे सांगतात. पुस्तक गाजले. आणि मराठीत त्या वेळी काय चालले होते? मोल्सवर्थचा कोश १८३१ मध्ये निघाला होता. बाळशास्त्री जांभेकरांचे ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू झाले होते. छापील मराठी गद्य नुकते कोठे रांगू लागले होते, आणि तेही मुंबईकडे. हिंगोली निजामाच्या अमलात. तेथे दरबारी कागद फारसीत. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ यायला १८५७ साल उजाडावे लागले. हिंगोलीच्या ओढ्यातली गोष्ट लंडनच्या वाचनालयांत पोचून अठरा वर्षे झाली, तेव्हा मराठीत पहिली कादंबरी झाली.

आता एका गोष्टीचा विचार करणे भाग आहे. माफीचा साक्षीदार बोलतो तेव्हा त्याच्या मागे फाशीचा खांब उभा असतो. जितकी नावे अधिक, जितक्या जागा अधिक, तितका जीव सुरक्षित. १८३६ मध्ये तर कायदाच असा झाला की, एखादा ठगांच्या टोळीत होता एवढे सिद्ध झाले की जन्मठेप. त्याने अमुक खून केला हे दाखवण्याची गरज नाही. अशा वेळी सांगणाऱ्याने दोनाचे चार केले नसतील असे कोण म्हणेल? ठग ही देशभर पसरलेली, भवानीच्या नावाने गळे आवळणारी एकच गुप्त संघटना होती, हे चित्र पुष्कळसे साहेबांच्या लेखणीतून उतरले. अलीकडे काही अभ्यासकांनी ठगी ही इंग्रजांच्या कल्पनेचीच निपज ठरवली होती. किम वॅग्नर या इतिहासकाराने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात सारे कागद पुन्हा तपासून मधला मार्ग दाखवला: वाटमारी आणि खून खरे, देशव्यापी धर्मपंथ मात्र नव्हे. बेकार झालेले शिपाई, तुटलेली वतने, दुष्काळ, जमीनदारांचा आश्रय अशी अनेक कारणे त्यामागे होती. मला हा निवाडा पटतो. हिंगोलीच्या ओढ्यातली हाडे कोणाच्या कल्पनेतून निघाली नव्हती. पण ती कोणी, का आणि कोणत्या श्रद्धेने तेथे पुरली याचे उत्तर मात्र आपल्याला केवळ पुरणाऱ्यांच्या तोंडून आणि लिहून घेणाऱ्याच्या लेखणीतून मिळाले आहे.

मेलेल्यांच्या तोंडून काहीच मिळाले नाही. हरिसिंगाचे नाव ग्रंथात छापले गेले. ज्याचे कापड लुटले त्या व्यापाऱ्याचे नाव टेलरने दिलेले नाही, गावाचेही नाही. बैल हाकणाऱ्यांचे तर विचारायलाच नको. त्यांच्या घरी कोणी किती वर्षे वाट पाहिली असेल, बायकांनी कुंकू केव्हा पुसले असेल, की पुसलेच नसेल! ‘परदेशी गेला तो तिकडचाच झाला’ असे सांगून किती घरांनी मनाची समजूत घातली असेल. अमीर अलीला तीन भाग मिळाले. यांना एक ओळ.

टेलरचे पुढचे आयुष्य मोठे घडामोडीचे झाले. ‘टाइम्स’ पत्राचा तो वार्ताहर झाला. सुरपूरच्या संस्थानात त्याने वर्षानुवर्षे कारभार केला. नळदुर्गाकडचा जिल्हा सांभाळला. १८५७ मध्ये त्याला वऱ्हाडात बुलढाण्यास पाठवले तेव्हा, देण्याजोगी फौज नाही, जमेल तसे टिकून राहा, अशा अर्थाचा हुकूम मिळाला आणि तो टिकून राहिला. १८६३ मध्ये त्याने ‘तारा’ लिहिली. तिच्यात तुळजापूर आहे, शिवाजी महाराज आहेत, अफझलखान आहे. या कादंबरीवर त्याचा स्वतःचा लोभ अधिक असावा. परंतु वाचकांच्या स्मरणात राहिला तो अमीर अलीच. मन लावून, इतिहास चाळून लिहिलेले मागे पडले आणि कचेरीच्या वेळात कानांवर पडलेले पुढे गेले.

उतारवयात त्याची दृष्टी अधू झाली. सालारजंगाच्या निमंत्रणावरून १८७५ मध्ये तो पुन्हा एकदा हैदराबादेस येऊन गेला. येथेच ताप घेतला आणि परतीच्या वाटेवर, १३ मे १८७६ रोजी, फ्रान्समधील मेंतों गावी वारला. त्याचे आत्मचरित्र मुलीने तयार करून १८७७ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात साक्षीदारांचे ते एकसुरी जबाब आहेत आणि स्लीमनने गाठलेल्या श्रेयाविषयीची हळहळही आहे. ओढ्याकाठचे जे खड्डे त्या दिवशी शिसारी येऊन तसेच सोडले, ते पुन्हा उघडल्याचे त्याने कोठे लिहिलेले नाही.